उजव्या पायाचं माप

आमच्या ह्यांचा डावा बूट दिवाळीनंतर पुढून उघडला. तळ आणि वरचं कातडं यांची फारकत झाली आणि चालताना आत माती शिरायला लागली. मी म्हटलं, नवे घेऊ. ते म्हणाले, सुतळी दे. बुटाला सुतळीचे दोन वेढे मारून, वर घट्ट गाठ देऊन ते वांग्याच्या वावरात निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवस मी हा तमाशा पाहिला आणि मग माझं डोकं फिरलं.

बुटासाठी एवढं डोकं फिरवून घ्यायचं काय कारण, असं कोणालाही वाटेल. कारण आहे. माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे आणि त्या आजाराने त्यांच्या पावलांतली जाणच नेली आहे. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. दोन वर्षांपूर्वी ते तूर निघालेल्या वावरात गेले होते. बांधावर पायतण काढून ठेवायचं आणि काळ्या मातीत उघड्या पायाने शिरायचं, ही त्यांच्या घरची रीत. वडिलांनी घालून दिलेली, म्हणून मोडायची नाही. तूर कापल्यावर जमिनीत तिचा टोकदार खुंट उरतो, त्याला आम्ही धसकट म्हणतो. तसलं एक धसकट डाव्या पायात घुसलं आणि ह्यांना पत्ता नाही. घरी येऊन त्यांनी चहा मागितला, तेव्हा ओसरीच्या फरशीवर मला एकाच पायाचे लाल ठसे दिसले.

त्या पायाची करंगळी काढावी लागली. खामगावच्या डॉक्टरांनी ह्यांना नव्हे, मला समोर बसवून सांगितलं, "बाई, पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही. पाय काढावा लागेल." बूट हवा तो पुढून रुंद, चारी बाजूंनी बंद, आतून मऊ आणि टाचेला धरून बसणारा. घरातही बूट, वावरातही बूट. म्हणजे आमच्या घरी बूट ही पाय राखायची गोष्ट झाली. आणि तो पाय सुतळीवर सोपवून माणूस खुशाल वांगी तोडायला जातो, तर बायकोला राग येणार नाही तर काय येईल?

ते जुने बूट आमच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने शिवले होते. ह्यांना कागदावर उभं करून त्याने दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली होती. बुटावर नंबर वगैरे काही नव्हता. आता त्याचे हात कापतात, म्हणून तो काम सोडून लेकीच्या गावी राहायला गेला. उरलं खामगाव. आमच्या गावापासून बसने अर्धा तास.

"चला माह्यासंगं," मी म्हणाले. "पायात घालूनच पाह्यले पाह्यजेत."

"माहा पाय काय नवरी हाये, चार लोकायले दाखवाले न्यायले?" ते म्हणाले.

खरं कारण मला ठाऊक होतं. दुकानात मोजा काढावा लागला असता आणि चारचौघांत ती नसलेली करंगळी दिसली असती. घरातसुद्धा ते पाय धुताना पाठ फिरवून बसत. जखम भरली, मलमपट्टी सुटली, त्या दिवशी त्या पायावर मोजा चढला तो चढलाच. मीही कधी हट्टाने तो पाय पाहिला नव्हता. दुखरी गोष्ट झाकलेली बरी, असं मलाही वाटत असणार.

मग मी माहेरच्या रीतीने माप घ्यायचं ठरवलं. माझं माहेर धामणगाव बढ्याचं. आम्हा पाच भावंडांना एकदम बाजारात नेणं वडिलांना झेपायचं नाही. दिवाळीच्या आधी ते आम्हाला भिंतीला टाचा टेकवून ओळीने उभं करत आणि तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, एकेक काडी पावलाशेजारी धरून अंगठ्याजवळ नखाने मोडत. "उजवा पाय पुढं," असं म्हणत मोजणी चालायची. माझ्या काडीला लाल दोरा, थोरल्या भावाच्या काडीला पांढरा, धाकटीच्या काडीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. ती जुडी धोतराच्या खोचेत घालून वडील बाजाराला जायचे, चपलेत काडी ठेवून पाहायचे आणि संध्याकाळी पाच जोड घेऊन यायचे. डावा पाय कधी कोणी मोजला नाही. उंबरा उजव्याने ओलांडायचा, प्रसाद उजव्या हातावर घ्यायचा, तसं मापही उजव्याचंच. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आमच्या सात पिढ्यांत कोणाला वाटलं नव्हतं.

मी गावच्या शाळेत जन्मभर मुलांना पट्टी धरून सेंटिमीटर शिकवले. पण त्या सकाळी हे चहा पीत बसले होते, तेव्हा मी कुडाजवळच्या ढिगातली एक तुराटी ओढली आणि म्हणाले, "उजवा पाय पुढं करा." त्यांनी केला. मी काडी मोडली. डाव्या पायाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि मी तो निकालीही काढला. डाव्याला एक बोट कमी, म्हणजे त्याला बूट सैलच होईल, असा माझा हिशेब होता.

खामगावच्या पहिल्या दुकानात शिरले आणि काचेआड पाहिलं, तर सगळे बूट पुढून निमुळते. काळे, चकचकीत, टोकाला इतके बारीक की पायाचं एक बोट जेमतेम मावेल. मी विचारलं, "बाकीची चार बोटं कुठं ठेवायची?"

"मावशी, सध्या हेच चालू हाये," दुकानातला तिशीचा माणूस म्हणाला. "सगळे नवरदेव हेच नेऊन राह्यले."

"माहा नवरदेव साठीचा हाये. वांगे तोडते."

तो हसला आणि खोकं आणायला काउंटरमागून बाहेर आला. पाहते तर त्याच्या स्वतःच्या पायात रबरी चपला. मी म्हटलं, "मंग तुमच्या पायात काऊन नाहीत हे?" तो म्हणाला, "दिवसभर उभं राहा लागते नं, मावशी." म्हणजे ज्याला उभं राहायचं आहे त्याने हे घालायचे नाहीत, हे विकणाऱ्यालाही माहीत आहे. मी तिथूनच मागे फिरले.

दुसऱ्या दुकानात पांढऱ्या बुटांची भिंत होती. त्यांचे तळ विटेएवढे जाड, आणि रंग दुधासारखा. आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट! पावसाळ्यात आमच्या वावरात एक पाऊल टाकलं की दुसरं उचलताना बुटासकट निम्मं वावर वर येतं. मी दुसरं काही दाखवा म्हटलं, तर त्याने भोकाभोकांचे, मागून उघडे असलेले रबरी जोड पुढे केले. यातून काटा जाईल म्हटलं, तर म्हणाला, हवा जाते. मग एक जोड दाखवला, त्याला सुंदर नाड्या होत्या. मी सोडायला गेले तर सुटेनात. त्या नाड्या नुसत्या दिसायला शिवलेल्या होत्या. सुजलेल्या पायाच्या माणसाला बूट सैल करायचा असेल तर त्याने काय करावं, हा प्रश्न हे बूट बनवणाऱ्याच्या मनात कधी आला असेल काय? त्याचा पाय कधी सुजलाच नसेल.

आणि मग त्याने ती कमाल दाखवली. एक जोड, कडा झिजलेल्या, टाचेशी कापड उसवलेलं, वर मातकट डाग. मी म्हटलं, "हे कोणीतरी वापरून वापस केलेले दिसतात."

"नाही मावशी, नवे करकरीत हायेत. हा लूक हाये. रफ लूक. याले तं जास्ती पैसे पडतात."

मी तो बूट हातात घेऊन पाहिला. कोणीतरी बसून, घासून, दोरे उसवून, रंग मारून तो मुद्दाम फाटका केला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "दादा, हा लूक माह्या घरी हाये. सुतळीसकट देतो. लावता काय काचीत?"

बाजूला उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या पोरी खुदकन हसल्या. मला हसू येत नव्हतं. उन्हातान्हात चालून ज्याचे बूट खरोखर फाटतात, तो माणूस दुकानात यायला लाजतो. आणि ज्याला वावराचा बांध माहीत नाही तो फाटके बूट मिरवतो, ही कसली अक्कल? साऱ्या बाजारात टोकदार मिळेल, उंच मिळेल, पांढरं मिळेल, फाटकं मिळेल. पायाच्या आकाराचा बूट तेवढा मिळणार नाही. हे सगळं मी त्या दुकानात मोठ्या आवाजात बोलले. निवृत्त मास्तरणीचा आवाज, तो रस्त्यापर्यंत गेला असणार.

तिसरं दुकान जुन्या बाजारातल्या एका बोळात होतं. मालक माझ्याच वयाचे. मी काडी पुढे करून काय हवं ते सांगितलं. त्यांनी ना ट्रेंड काढला ना लूक. शिडी लावून माळ्यावरून एक धुळकट खोकं उतरवलं. तपकिरी, गोल तोंडाचे, मऊ अस्तराचे, चिकटपट्टीने बंद होणारे बूट. काडी आत ठेवली, तर टोकाला बोटभर जागा उरली.

"दोन्ही पाय सारखे हायेत नं?" त्यांनी विचारलं.

माझा राग अजून उतरला नव्हता. दोन दुकानांनी तापवलेलं डोकं घेऊन मी म्हणाले, "देवानं दोन देल्ले ते सारखेच देल्ले."

"नाही, मी म्हणत होतो, एकडाव त्यायलेच घेऊन आले असते तं..."

"मले चार चकरा माराले टाइम नाही. बांधून द्या."

त्यांनी बिचाऱ्यांनी बांधून दिले.

घरी आल्यावर ह्यांनी ओसरीवर बसून बूट घातले, उठून अंगणात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "झकास." मी विचारलं, "चावत तं नाहीत?" ते म्हणाले, "जराबी नाही." मला कोण आनंद झाला! नवा बूट आणि पहिल्या दिवशी चावत नाही! मी शेजारणीला सांगितलं, जावेला सांगितलं, भाजी घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही सांगितलं. शहरातल्या दुकानदारांची अक्कल मी कशी काढली आणि तुराटीच्या एका काडीने कसं अचूक काम केलं, हे मी तीन दिवस रंगवून रंगवून सांगत होते. जुने बूट मी सुतळीसकट उकिरड्यावर टाकले.

चौथ्या दिवशी दुपारी मी कपडे धुवायला हौदाजवळ गेले. हौदाच्या मागे, पेरूच्या झाडाखाली, एक जुना डबा झाकून ठेवलेला दिसला. झाकण काढलं, तर आत ह्यांचा मोजा भिजत घातलेला आणि पाणी लालसर. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही, तो मोजे भिजवतोय. मी डबा तसाच उचलून वावरात गेले. ते बांधावर बसून शिदोरी खात होते.

"हे काय हाये?"

"काही नाही वं. थोडंसं घासलं."

"कधीपासून?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "पह्यल्याच दिवसापासून. पण दुखत नव्हतं. मले वाटलं, भरून येईन."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तीन दुकानं पालथे घातले तू," ते म्हणाले. "साऱ्या गल्लीले सांगत होती, बूट चावत नाहीत म्हून. लय खुश होती तू."

मी तिथेच मातीत बसले आणि त्यांचा डावा पाय मांडीवर घेऊन मोजा काढला. त्यांनी पाय मागे ओढला, मी सोडला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तो पाय मी भर उन्हात पाहत होते. करंगळी गेली होती, पण तिथलं हाड बाहेर सरकून गाठ झाली होती, आणि सगळं पाऊल पसरून उजव्यापेक्षा अंगठाभर रुंद झालं होतं. मी सैल होईल म्हणून सोडून दिलेला पाय हा. त्या गाठीवर रुपयाएवढी जखम, ओली, कडा पांढऱ्या पडलेल्या. आणि मी विचारलं होतं, चावतात का! ज्याला धसकट कळलं नाही, त्याला बूट चावलेला कळणार होता?

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. टोकदार बूटवाल्यांना मी नावं ठेवली, पांढऱ्या बूटवाल्यांना ठेवली, पायाचा विचार कोणी करत नाही म्हणून बाजार डोक्यावर घेतला. माझ्या घरात राहणारा पाय मी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली. ह्यांचं तोंड शांत होतं. पाहवत नव्हतं ते मला. "माप कोणी घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, मी. "कोणत्या पायाचं?" मी म्हटलं, उजव्या. "उजव्याचं का, बाई? आजारी तर डावा आहे." जन्मभर पोरांना प्रश्न विचारत आले, उत्तर आलं नाही की बाकावर उभं केलं. त्या दिवशी बाकावर उभं राहायची पाळी माझी होती.

सहा आठवडे रोज मलमपट्टी झाली. त्या सहा आठवड्यांत मी कोणावरही ओरडले नाही, घरातल्यांना त्याचीच भीती वाटायला लागली होती. मांजराने दूध सांडलं तरी मी गप्प. डॉक्टर पट्टी सोडत तेव्हा मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि मग जखमेकडे. शेवटी जखम भरली. "या वेळी वाचला," डॉक्टर म्हणाले, आणि 'या वेळी' हे शब्द त्यांनी सावकाश उच्चारले.

मग तेच बूट घेऊन आम्ही दोघं त्या बोळातल्या दुकानात गेलो. मी मालकांना म्हणाले, "तुमचं ऐकलं नाही मी. चुकलं माहं." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. दुकानात आणखी गिऱ्हाईक होतं. आमचे हे स्टुलावर बसले, स्वतःच्या हाताने डावा मोजा काढला आणि म्हणाले, "मले या पायाचं काही समजत नाही. तुमी पाहा." दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्यासमोरही उच्चारलं नव्हतं. मालकांनी पाय हातात घेऊन नीट पाहिला आणि मागच्या गल्लीतल्या आपल्या ओळखीच्या कारागिराकडे आम्हाला पाठवलं. त्याने डाव्या बुटाची बाजू उसवून मध्ये मऊ काळ्या चामड्याची पट्टी जोडली आणि बूट रुंद केला. उजवा बूट तपकिरी, आणि डाव्याच्या कडेला काळा पट्टा. गावातल्या एका कॉलेजकुमाराने परवा विचारलं, "काका, हा नवा ट्रेंड हाये काय?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गाडीला किक मारली.

आता रोज सकाळी ह्यांनी बूट घालण्याआधी मी दोन्ही बुटांत हात घालते आणि बोटं टोकापर्यंत नेऊन तळ चाचपते. संध्याकाळी मोजे काढून पाय उजेडात पाहते. सुरुवातीला ते चिडायचे. "पायतणात हात काऊन घालतं वं? लोक पाह्यतीन."

"पाहू द्या. लोकायले वाटन, ट्रेंड हाये."

गेल्या आठवड्यात सकाळी असाच डाव्या बुटात हात घातला आणि मधल्या बोटात काहीतरी कचकन घुसलं. बाभळीचा काटा होता. आदल्या दिवशी ते कुंपण करत होते, तेव्हा तळात अडकला असणार. त्या संध्याकाळी मी पाय पाहिला होता, तेव्हा त्यावर ओरखडाही नव्हता. काट्याचं टोक नुकतंच तळ फोडून वर आलं होतं. आणखी एक दिवस ते त्यावर चालले असते, तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी "आई गं!" म्हणून ओरडले. हे पाठीशी येऊन उभे राहिले. माझ्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. त्यांनी ते बोट आपल्या चिमटीत दाबून धरलं.

"लय दुखलं काय?"

"हाव. लय दुखलं."

"माह्या वाट्याचं दुखणं होतं ते," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

माझेही आले. पण रागावल्याशिवाय मला धड बोलता येत नाही. मी काटा उपटून फेकला, पुन्हा एकदा बुटात हात फिरवला आणि म्हणाले, "मंग आता मुकाट्यानं पाय पुढं करा."

त्यांनी उजवा पाय पुढे केला.

"तो नाही," मी म्हणाले. "आधी डावा."